कथा अडली तर मेरुखंड वापरा

कथा अडली की सल्ला मिळतो: मागे छानसं संगीत लावा. निम्मं नुकसान इथेच होतं. लिहिताना कानावर मराठी-हिंदी गाणं असलं की त्यातले शब्द आपल्या शब्दांच्या आड येतात. ऐकायचं ते आधी, लिहायचं ते शांततेत. आणि लिहिताना कामी येते ती गवयांची एक रियाजाची रीत, मेरुखंड.

इंदूरकरांना फार शोधायला नको. इंदूर घराणं ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, त्या गायक उस्ताद अमीर खाँ यांचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल लावा, शक्यतो झूमरा तालातला. 14 मात्रांचं ते आवर्तन इतकं सावकाश चालतं की समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, वाट पाहता पाहता डोक्यातली घाई उतरते. द्रुत, म्हणजे जलद लयीतला भाग, सुरू व्हायच्या आत बंद करा.

मग कागदावर कथेतले चार घटक लिहा. समजा: आजी, पाऊस, बंद घड्याळ, सराफा (इंदूरचा बाजार, दिवसा सराफांच्या पेढ्या, रात्री खाऊगल्ली).

खरी मेख पुढे आहे. खाँसाहेबांच्या गायकीतल्या मेरुखंडात मोजक्या स्वरांचे सगळे क्रम घोटतात: तीन स्वरांचे 6, चारांचे 24, सातांचे 5040. आपल्याला 24 पुरेत. पाच घटकांचा मोह नको. 120 क्रम कुणी पुरे करत नाही. सुचेल तसे क्रम मांडू नका, थोड्याच वेळात तेच ते येऊ लागतात आणि संपले असं वाटतं. पहिला घटक कायम ठेवून उरलेले तीन फिरवा, 6 क्रम होतील. मग दुसरा घटक पुढे आणा. प्रत्येक क्रमाचं एकच वाक्य करा, आधीच्या घटकामुळे पुढचा घडला पाहिजे. आजी पावसात अडकते, घड्याळ बंद म्हणून वेळ कळत नाही, सराफ्यात पोचते तर पेढ्या बंद आणि भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढलेल्या. उलट क्रमात पाऊस दुसऱ्याच कुणाला सराफ्यात गाठतो आणि आजी घरी वाट पाहत बसते. कथाच वेगळी.

मधेच एखादा क्रम आवडेल. थांबू नका! लवकर आवडणारा क्रम बहुतेक वेळा आधीच मनात असलेला असतो. काही क्रम निव्वळ वेडगळ निघतील, तेही लिहा. गवईसुद्धा रागात न बसणारे क्रम गाळतोच, पण सगळे घोटून झाल्यावर. काट मारायची ती 24 पूर्ण झाल्यावरच.

दोन क्रम निवडा, मोठ्यानं वाचा, एकावर लिहायला लागा. पुन्हा अडलात तर ख्याल परत लावू नका, दुसरा क्रम उचला.