पऱ्हाटीचा कोळसा पाडायचा, राख नव्हे

कार्बनीकरण म्हणजे काय? लाकूड तापवायचं, पण त्याला हवा लागू द्यायची नाही. पाणी, वायू, डांबर निघून जातं आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. आपण त्याला कोळसा पाडणं म्हणतो. दरवर्षी बांधावर पेटवून दिलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांचा, हा कार्बन हवेत जातो, याचं मला वाईट वाटतं.

पऱ्हाटी कडकडीत वाळलेली हवी. मीटरभर खोल, वर दीड मीटर रुंद, तळाशी निमुळता खड्डा खणा. थोडी पऱ्हाटी रचून वरून पेटवा.

आता पुढचा थर कधी टाकायचा? इथेच माझी पहिली दोन वर्षं वाया गेली. ‘दर दहा मिनिटांनी टाका’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घड्याळ नको, काडी बघा. काळ्या काडीवर राखेची पांढरी साय धरू लागली की लगेच नवा थर. साय धरली म्हणजे काडीतला वायू संपत आला आणि आता कोळसाच जळू लागला. नव्या थरातून निघणारा वायू पेटतो, ती ज्वाला वरची हवा ओढून घेते आणि खालचा कोळसा वाचतो. उशीर केलात तर राख. घाई करून हातभर जाड थर टाकलात तर ज्वाळ गुदमरते आणि पांढरा धूर कोंडतो. थर वीतभरच ठेवा. खड्ड्यावर वाकू नका, धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. वारा असेल त्या दिवशी पेटवूच नका.

खड्डा भरला आणि ज्वाळा बसल्या की विझवा. मी एकदा नुसती माती लोटून घरी गेलो. मातीला भेगा पडल्या, आत हवा शिरली आणि सकाळी अर्धा खड्डा राखेचा. तेव्हापासून पाणीच. लांबून, कडेकडेने ओता, वाफ भाजते. मग फावड्याने उलथून पुन्हा पाणी घाला. त्याच दिवशी पोत्यात भरू नका. आत एक निखारा राहिला तरी रात्रीतून पोतं पेटतं.

गार झालेली काडी मोडून बघा. कट्‌कन तुटली आणि आतपर्यंत काळी असली तर कोळसा झाला. आत तपकिरी दिसली तर ती कच्ची, पुढच्या खड्ड्यात टाका.

हा कोळसा शेतात टाकण्याआधी शेणकाल्यात पंधरा दिवस भिजवा. कोरडा टाकलात तर तो आधी पिकाचाच नत्र धरून ठेवतो.