शस्त्रक्रियेआधी रुग्णाला समजून कसे घ्यावे

नाशिकच्या रुग्णालयात शल्यचिकित्सा शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांनी हर्नियाची गाठ तपासण्यापूर्वी रुग्णाशेजारी बसून तो कोणते काम करतो, घरी कोण आहे, परतीचा प्रवास कसा होणार, हे विचारावे. सुरगाण्याहून आलेला मजूर द्राक्षांच्या हंगामात क्रेट उचलत असेल, तर काही आठवडे वजन न उचलण्याचा सल्ला त्याच्या रोजीरोटीवरच येतो. म्हणून शस्त्रक्रिया तातडीची नसल्यास तारीख त्याच्याशी बोलून ठरवावी. तंबाखू, जुनाट खोकला व बद्धकोष्ठता यांची चौकशी आवर्जून करावी, कारण खोकताना वा कुंथताना पोटात वाढणाऱ्या दाबाने हर्निया पुन्हा उद्भवू शकतो. संमतिपत्र समजावल्यावर रुग्णाला ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. माझ्या मते याचा सराव टाके घालण्याइतकाच आवश्यक आहे.