जुना लॅपटॉप इफेक्ट युनिट म्हणून जोडताना या चुका टाळा

घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या अनेकांकडे एखादा जुना लॅपटॉप कपाटात पडून असतो. मुख्य संगणकावर गायन, पेटी, तबला, टाळ असे पंधरा-वीस ट्रॅक झाले आणि त्यावर एखादा जड रिव्हर्ब (खोलीतल्यासारखी घुमण देणारा इफेक्ट) लावला की आवाज तुटू लागतो. अशा वेळी तो जुना लॅपटॉप बाहेर काढून त्याच्याकडे फक्त रिव्हर्बचे काम सोपवावे, हा विचार अगदी रास्त आहे. मुख्य संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या उपकरणातून, आवाज बाहेर पाठवायचा, दुसऱ्या संगणकावर त्याला इफेक्ट लावायचा आणि तो परत आत घ्यायचा, इतकीच ही रचना आहे. स्टुडिओतल्या रॅकमधले इफेक्ट युनिट हेच काम करते. मात्र त्या युनिटला आत येणारी एक वाट, बाहेर जाणारी एक वाट, ठरलेली लेव्हल आणि ठरलेले काम असते. ही शिस्त आपण लॅपटॉपला लावत नाही आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

लॅपटॉपच्या स्वतःच्या जॅकवर विसंबणे

ही पहिली आणि सर्वांत सार्वत्रिक चूक. लॅपटॉपच्या कडेला हेडफोन आणि माइक यांच्यासाठी मिळून जो एकच जॅक असतो, त्यातली माइकची बाजू मोनो असते, ती माइकच्या क्षीण संदेशासाठी बनवलेली असते आणि त्या तारेवर माइकला लागणारा थोडा विद्युतदाबही सोडलेला असतो. इंटरफेसचा लाइन आउटपुट, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरकस संदेश, त्यात घातला की आवाज फाटतो, स्टिरिओ नाहीसा होतो आणि विंडोजमधले गोंगाट कमी करणारे फिल्टर चालू असतील तर रिव्हर्बची शेपटी मध्येच कापली जाते, कारण त्या फिल्टरच्या लेखी हळूहळू विरत जाणारा आवाज हा गोंगाटच असतो. दुसऱ्या संगणकालाही किमान दोन लाइन इनपुट आणि दोन लाइन आउटपुट असलेला साधा इंटरफेस हवा. जुना, वापरलेला इंटरफेस चालेल, पण त्या लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्याचा ड्रायव्हर मिळतो की नाही, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे.

लेव्हलही एकदाच नीट बसवावी. काही उपकरणे +४ डीबीयू या पातळीवर चालतात, तर काही −१० डीबीव्हीवर आणि या दोहोंत सुमारे १२ डेसिबलचा फरक आहे. मुख्य संगणकावरून एक स्थिर टोन पाठवावा, दुसऱ्या संगणकावर तो −१२ डीबीएफएसच्या आसपास (० डीबीएफएस ही डिजिटल पातळीची कमाल मर्यादा) येईल असा गेन ठेवावा आणि परत येतानाही तीच पातळी मिळते का ते पाहावे. एकदा जमले की गेनच्या बटणांवर चिकटपट्टीने खूण करून ठेवावी आणि पुन्हा त्यांना हात लावू नये.

चार्जर लावताच येणारी घूं

दोन्ही संगणक केबलने जोडले, लॅपटॉपला चार्जर लावला आणि स्पीकरमधून घूं असा संथ आवाज आला, हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाला येतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हा आवाज ५० आणि १०० हर्ट्झला जाणवतो. त्याच्यासोबत एक बारीक किणकिण असते, ती माउस हलवला की बदलते. माझ्याकडे हे घडले तेव्हा मी आधी तीन केबल बदलल्या आणि एक संपूर्ण संध्याकाळ घालवली. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला, तशी घूं त्याच क्षणी थांबली आणि मागे राहिलेली तंबोऱ्याची जवारी स्वच्छ ऐकू आली. दोन्ही यंत्रांच्या अर्थिंगमध्ये बंद वळसा तयार झाला होता आणि ऑडिओ केबलची जाळी त्या वळशाचा भाग बनली होती.

यावर उपाय म्हणून तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन कापणारे लोक मी पाहिले आहेत. असे कधीही करू नये, ती पिन जिवाच्या रक्षणासाठी आहे. आधी दोन्ही संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच भिंतीवरच्या सॉकेटमधून, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावेत. इंटरफेसना बॅलन्स्ड जोडणी असेल तर तीन संपर्कभागांचे टीआरएस जॅक असलेल्या केबल वापराव्यात. एवढ्याने भागले नाही तर मधे ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर बसवावा. दोन्ही इंटरफेसना ऑप्टिकल डिजिटल जोडणी असेल, तर मात्र सर्वांत उत्तम, कारण प्रकाशाच्या तारेतून वीज वाहत नाही आणि वळसा आपोआप तुटतो.

दोन घड्याळे

ऑप्टिकल किंवा एसपीडीआयएफ अशी डिजिटल जोडणी केली की घूं जाते आणि बऱ्याचदा तिच्या जागी टिक-टिक येते. काही सेकंद सारे सुरळीत, मग एक बारीकशी टिचकी, पुन्हा काही सेकंदांनी दुसरी. दोन्ही इंटरफेस ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८,००० मापे (नमुने) घेणाऱ्या गतीवर, असले तरी प्रत्येकाच्या घड्याळाचे स्फटिक किंचित वेगळ्या गतीने चालते, त्यामुळे एखादा नमुना अधूनमधून निसटतो किंवा दोनदा वाचला जातो. मुख्य संगणकाच्या इंटरफेसचे घड्याळ ‘इंटर्नल’ ठेवावे आणि दुसऱ्याचे त्या डिजिटल इनपुटवरून येणाऱ्या घड्याळाला बांधावे. दोन्ही ‘इंटर्नल’ नसावेत आणि दोघांनी एकमेकांकडून घड्याळ घेणे हेही चुकीचे. सॅम्पल रेट, म्हणजे ही गती, दोन्हीकडे हाताने तपासावा, कारण काही सॉफ्टवेअर जुना प्रकल्प उघडताना तो गुपचूप ४४.१ वर नेतात. एडीएटी ऑप्टिकल जोडणीत ४८ किलोहर्ट्झला ८ चॅनेल मिळतात, ९६ ला ४ च, हेही आधीच लक्षात घ्यावे.

उशीर न मोजणे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाहेर जाऊन परत येणाऱ्या आवाजाला उशीर होतोच, कारण त्याला दोन्ही संगणकांचे बफर (आवाज तुकड्यांनी तात्पुरता साठवणाऱ्या जागा) आणि मधली सर्व रूपांतरे पार करावी लागतात. ४८ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा एक बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद, आणि असे किमान चार बफर या फेरीत असतात. माझ्या जोडणीत मी काठीने मारल्यासारखा एकच ठोका बाहेर पाठवला आणि परत आलेला ठोका शेजारच्या ट्रॅकवर रेकॉर्ड केला. लाट मोठी करून दोन्हींची सुरुवात पाहिली तर अंतर १,०४३ नमुने, म्हणजे जवळजवळ २२ मिलिसेकंद होते. हवेतून आवाज एवढ्या वेळात सुमारे साडेसात मीटर जातो. म्हणजे या वाटेने आलेला तबला गायकापासून एका मोठ्या दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला बसवल्यासारखा होतो आणि सम ऐकणाऱ्याच्या कानाला खटकते.

हा उशीर कुठे चालतो आणि कुठे नाही, हे काम कोणते आहे त्यावर ठरते. रिव्हर्ब सेंडवर, म्हणजे आवाजाची एक प्रत वेगळी पाठवून, लावलेला असेल आणि कोरडा (इफेक्ट नसलेला) आवाज मुख्य संगणकातच राहणार असेल, तर २२ मिलिसेकंद हे रिव्हर्बच्या आधीच्या विरामासारखे वागतात आणि गायनाला अनेकदा शोभूनही दिसतात. तोच संगणक कॉम्प्रेसर किंवा इक्वलायझर म्हणून वापरून त्याचा आवाज मूळ आवाजात मिसळला, की मात्र नुकसान होते. उशीर केवळ १ मिलिसेकंदाचा असला तरी ५०० हर्ट्झ, १,५०० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाज एकमेकांना खोडतो आणि पेटी डब्यात वाजल्यासारखी पोकळ होते.

उपाय ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. रीपरमध्ये ‘रीइन्सर्ट’, लॉजिकमध्ये ‘आय/ओ’ प्लगइन, क्यूबेस प्रोमध्ये ‘एक्स्टर्नल एफएक्स’ आणि एबलटन लाइव्हमध्ये ‘एक्स्टर्नल ऑडिओ इफेक्ट’ या सोयी यासाठीच दिल्या आहेत. पहिल्या तिन्हींत उशीर मोजण्यासाठी पिंगची, म्हणजे चाचणीचा ठोका पाठवण्याची, सोय आहे. लाइव्हमध्ये मोजलेला आकडा आपण भरायचा असतो. मापनापूर्वी दुसऱ्या संगणकावरचे सर्व इफेक्ट बंद करून आवाज सरळ परत पाठवावा, नाहीतर रिव्हर्बच्या शेपटीमुळे चुकीचा आकडा येतो. बफर बदलला, ड्रायव्हर बदलला किंवा यूएसबी केबल काढून पुन्हा लावली, तर पुन्हा मोजावे. तसेच गाताना गायकाच्या कानात या वाटेने आवाज देऊ नये. ही वाट मिश्रणासाठी आहे.

शिट्टी आणि दुप्पट आवाज

परत आलेला आवाज ज्या ट्रॅकवर घेतला, त्याच ट्रॅकवरून तो पुन्हा बाहेर जात असेल तर क्षणात कान फाडणारी शिट्टी सुरू होते. म्हणून दुसऱ्या संगणकाकडे जाणारे दोन आउटपुट मुख्य मिश्रणापासून कायमचे वेगळे ठेवावेत, त्याचप्रमाणे दोन्ही इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरिंग (इनपुटचा आवाज थेट आउटपुटला देणारी सोय) बंद करावे. रिव्हर्ब प्लगइनमधला मिक्स १०० टक्के ओला (फक्त इफेक्टचा आवाज) असावा, नाहीतर कोरडा आवाज उशिरासह पुन्हा येऊन मिसळतो. पहिली चाचणी नेहमी स्पीकरचा आवाज खाली ठेवून करावी.

लॅपटॉप वाद्य म्हणून वापरताना

काही जण दुसऱ्या संगणकावर तंतुवाद्यांचे किंवा पियानोचे मोठे नमुनासंग्रह (रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संच) ठेवतात आणि त्याला मिडीने, म्हणजे कोणता सूर कधी वाजवायचा हे सांगणाऱ्या संदेशांनी, वाजवतात. येथे दोन्ही संगणक साध्या यूएसबी केबलने एकमेकांना जोडण्याचा मोह होतो. यूएसबीमध्ये दोन्ही संगणक यजमान असतात, त्यामुळे संदेश जात नाहीत आणि दोन्हीकडून ५ व्होल्ट समोरासमोर आल्याने पोर्ट खराब होऊ शकतो. दोन्हीकडे मिडी इंटरफेस ठेवून एकाचा आउट दुसऱ्याच्या इनला जोडावा. पाच पिनांच्या मिडीमध्ये घेणाऱ्या बाजूला ऑप्टोआयसोलेटर (प्रकाशाने संदेश पुढे देणारा भाग) असतो, म्हणून तिच्यातून घूं येत नाही. नेटवर्कवरून मिडी पाठवायचे असेल तर वायफाय टाळून लॅन केबल वापरावी.

संपूर्ण आवाजच नेटवर्कवरून नेणारी सॉफ्टवेअरही आहेत, उदाहरणार्थ मोफत मिळणारे ऑडिओग्रिडर किंवा विकत घ्यावे लागणारे व्हिएन्ना एन्सेम्बल प्रो. त्यांत अॅनालॉग केबल, घूं आणि वेगळे घड्याळ यांचा प्रश्न उरत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ आवाजाला सेकंदाला साधारण २.३ मेगाबिट पुरतात, म्हणून वायफायचा वेग कमी पडतो असे नाही. माहितीची पाकिटे वेळेवर पोहोचत नाहीत, हा तिथला खरा दोष आहे.

त्या लॅपटॉपवर इतर कामे करणे

सूचनांचे आवाज, आपोआप होणारे अपडेट, स्लीप मोड आणि अँटिव्हायरसची तपासणी हे सर्व बंद करावे, चार्जर लावून पॉवर प्लॅन पूर्ण क्षमतेवर ठेवावा. तरीही विंडोजवर आवाज तुटत असेल तर लेटन्सीमॉन या मोफत साधनाने कोणता ड्रायव्हर अडवतो आहे ते पाहावे. बऱ्याचदा तो वायफायचा निघतो आणि वायफाय बंद करताच आवाज स्थिर होतो.

शेवटी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. दुसऱ्या संगणकावरचे सेटिंग मुख्य प्रकल्पाच्या फाइलमध्ये साठत नाही. म्हणून दोन्हीकडे फाइलला एकच नाव आणि तारीख द्यावी आणि इफेक्ट पसंत पडला की परत आलेला आवाज लगेच नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करून ठेवावा. सहा महिन्यांनी कोणी त्याच अभंगात टाळ थोडे कमी करून मागितले, तेव्हा जुना लॅपटॉप सुरू होवो वा न होवो, त्या दिवशीचा रिव्हर्ब हाताशी असतो.