द्वेषातून घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद कशी लिहावी

भारतीय न्याय संहितेत ‘द्वेषगुन्हा’ या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. त्यामुळे मुंबईतल्या पोलीस ठाण्यात जाऊन तेवढाच शब्द उच्चारला, तर पदरात बहुधा अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी पडते, जिच्यावर पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत. वाढीव शिक्षेच्या तरतुदी निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेल्या आहेत आणि त्या लागणार की नाही, हे बरेचसे पहिल्या जबाबावर ठरते.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी आपला प्रसंग कोणत्या कायद्यात बसतो ते पाहावे. जातपंचायतीने वाळीत टाकले असेल, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केल्यास न्याय संहितेच्या कलम १०३(२) खाली जन्मठेप किंवा मृत्युदंड, तर गंभीर दुखापत केल्यास कलम ११७(४) खाली ७ वर्षांपर्यंत कारावास आहे. (या यादीत ‘धर्म’ हा शब्द नाही, ‘समुदाय’ आणि ‘वैयक्तिक श्रद्धा’ आहेत, तेव्हा फिर्यादीतही ते शब्द आणावेत.) तक्रारदार अनुसूचित जातीजमातीचा आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे बोलीतली ‘अ‍ॅट्रॉसिटी’, लागू होतो.

आता मुख्य काम. ‘मला जातीवरून शिवीगाळ केली’ असे मोघम लिहू नये. उच्चारलेले शब्द कितीही ओंगळ असले तरी जसेच्या तसे, ज्या भाषेत होते त्याच भाषेत लिहावेत. जातीवाचक अपमान ‘लोकांच्या नजरेसमोर’ झाला पाहिजे, ही कायद्याची अट आहे, आणि बाहेरचे कोणी हजर नसताना चार भिंतींच्या आत झालेला अपमान तीत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. म्हणूनच प्रसंग चाळीच्या जिन्यात घडला की सोसायटीच्या फाटकाशी, तेव्हा वॉचमन, शेजारी, भाजीवाला यांपैकी कोण ऐकत होते, हे नावानिशी नोंदवावे. आरोपीला आपली जात कशी ठाऊक होती, हेही एका वाक्यात सांगावे. हे वाक्य हमखास राहून जाते आणि उलटतपासणीत तेच भोवते. पदरचे मात्र काही घालू नये. चित्रफीत असेल, तर मूळ मोबाइल जपून ठेवावा. दुसऱ्याने पुढे पाठवलेली प्रत न्यायालयात लंगडी पडते.

प्रसंग लोकलमध्ये घडला असेल आणि ‘ही आमची हद्द नव्हे’ असे उत्तर मिळाले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कोणाचीही असली तरी नोंदवायचा गुन्हा, मागावा. ३ ते ७ वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात. अ‍ॅट्रॉसिटीत मात्र कलम १८-अ मुळे गुन्हा नोंदवण्याआधी अशी चौकशी आवश्यक नाही. अ‍ॅट्रॉसिटीचा तपास मुंबईत सहायक पोलीस आयुक्ताकडे जातो.

एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ती हातात आली की ठाण्यातच बसून लावलेली कलमे वाचावीत आणि एखादे राहिले असेल, तर तसा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. नोंदच नाकारली, तर फिर्याद टपालाने परिमंडळाच्या उपायुक्तांना पाठवावी आणि तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. त्या अर्जाला शपथपत्र जोडावे लागते.