आजोबांच्या दुनळीचं काडतूस पारखताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात मला रायफल बघायला बोलावलं होतं. सागवानी कपाटातून कातडी पेटी निघाली, पेटीतून दुनळी. बाहेरून दिसणारे दोन घोडे, चापाच्या कडीखाली आडवा फिरणारा दांडा, दस्त्यावर हाताच्या घामाने आलेली काळपट झाक. पणजोबांची रायफल, परवाना वडिलांच्या नावावर रीतसर झालेला. घरातला तिशीतला मुलगा उत्साहाने सांगत होता, "काका, ही फाइव्ह हंड्रेड आहे. काडतुसाची केस, म्हणजे पितळी नळकांडं, तीन इंची, मी स्वतः मोजलंय. परवानगीचं जमलं तर पुढच्या वर्षी आफ्रिकेत केप बफेलोसाठी नेणार. फाइव्ह हंड्रेड नायट्रोची नवी काडतुसं तिकडे मिळतात." एवढं बोलून त्याने पितळी डमी काडतूस उजव्या नळीत सोडलं. ते अलगद आत सरकलं, रायफल मिटली, दांडा जागेवर आला. तो खूश झाला आणि माझ्या पोटात गोळा आला.

जी चूक तो करणार होता, ती मी पुण्यात निदान चार घरांत पाहिली आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बसलं म्हणजे चाललं, असं समजू नका

.५०० ब्लॅक पावडर एक्स्प्रेस आणि .५०० नायट्रो एक्स्प्रेस या दोन्हींची तीन इंची केस मापाने सारखीच आहे. कारण साधं आहे. इंग्रज कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूची जुनी केस घेतली आणि तिच्यात कॉर्डाइट ही बिनधुराची दारू भरली. नायट्रो म्हणतात ते हेच. पितळ तेच राहिलं, आतला जोर मात्र पार बदलला. काळ्या दारूचं काडतूस ४४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) गोळी सेकंदाला साधारण १,९०० फूट वेगाने सोडायचं, म्हणजे नळीच्या तोंडाशी सुमारे ३,५०० फूट-पौंड ऊर्जा. नायट्रोचं काडतूस ५७० ग्रेनची गोळी २,१५० फूट वेगाने सोडतं, म्हणजे ५,८०० फूट-पौंडांच्या वर. काळ्या दारूसाठी बांधलेल्या रायफलीत हे काडतूस बसेल, रायफल मिटेल आणि चापही ओढला जाईल. पुढे त्या नळ्यांचं, सांध्याचं आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून काडतूस पारखायचं तर आधी रायफल वाचायची. त्या दिवशी मी पुढचं लाकूड काढलं, नळ्या उतरवल्या आणि खालच्या सपाट बाजूवर विजेरी तिरकी धरली. लंडन आणि बर्मिंगहॅमची प्रूफ हाउसं नळी तपासून तिथेच शिक्के मारत. १९०४ नंतर नायट्रोसाठी तपासलेल्या नळीवर एनपी (नायट्रो प्रूफ) ही अक्षरं येतात, आणि त्या काळात पुष्कळदा सोबत कॉर्डाइटचं वजन आणि गोळीचं वजनही कोरलेलं सापडतं. .४५० नायट्रोच्या रायफलीवर ७०-४८० असे आकडे दिसले, तर ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची गोळी ही तिची कमाल मर्यादा. नारायण पेठेतल्या नळ्यांवर यातलं काहीच नव्हतं. कॉर्डाइटचा उल्लेखसुद्धा नाही. मुलगा विजेरी घेऊन पुन्हा पुन्हा शोधत राहिला. वाकून बघताना त्याचा उत्साह उतरत गेलेला मला दिसत होता, वाईटही वाटलं.

या दोहोंच्या मधली एक जात आहे, तिला नायट्रो फॉर ब्लॅक म्हणतात. काळ्या दारूच्या रायफलींसाठी कॉर्डाइट बेताने भरून, हलकी गोळी लावून जुन्या वेगाशी आणि दाबाशी जुळवलेलं हे काडतूस. नावात नायट्रो आहे म्हणून ते पूर्ण नायट्रोच्या रांगेत बसत नाही. आणि रायफलवर तसा शिक्का नसेल, तर हेसुद्धा आपल्या मनाने चालवून बघायचं नाही.

नावातल्या आकड्यावर विश्वास टाकू नका

घरोघरी ऐकू येणारं दुसरं वाक्य म्हणजे "आमची फोर फिफ्टी आहे." कुठली? .४५० नायट्रो एक्स्प्रेस, .५००/.४५०, .५७७/.४५० मार्टिनी-हेन्री की .४५०/.४००? शेवटच्या जातीत गोळी .४५० ची नसतेच. .४५० ची केस तोंडाशी आवळून .४०० ची केलेली असते आणि गोळीचा खरा व्यास साधारण .४१० इंच भरतो. तिच्यातही सव्वातीन इंची आणि तीन इंची अशा दोन केसा आहेत. तीन इंची केस जेफरी कंपनीने आणली, बुडाची कडही जाड केली. एकीचं काडतूस दुसरीसाठी नाही.

आकड्यांचा हा घोळ सगळ्या घराण्यात आहे. .४७० ची गोळी प्रत्यक्षात .४७५ च्या आसपास, .५७७ ची .५८५ च्या. सगळ्यात वाईट जोडी म्हणजे .४७५ नंबर दोन आणि .४७५ नंबर दोन जेफरी. दोन्हींच्या केसा साडेतीन इंची आणि नावं जवळपास एकच, पण पहिलीची गोळी .४८३ आणि दुसरीची .४८८. पाच हजारांश इंचाचा फरक जुन्या नळीला फार होतो.

एवढ्या जाती झाल्या कशा, याचं एक कारण आपल्याच देशात आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० च्या रायफली आणि काडतुसं आणायला बंदी घातली. फौजेच्या जुन्या .४५० मापाच्या मार्टिनी-हेन्री बंदुका लोकांच्या हाती होत्या, त्यांना दारूगोळा मिळेल ही भीती. मग प्रत्येक इंग्रज बंदूकवाल्याने बंदीतून सुटेल असं आपापलं माप काढलं. हॉलंड अँड हॉलंडचं .५००/.४६५, वेस्टली रिचर्ड्सचं .४७६, आणि .४७० सुद्धा त्याच लाटेवर चढलं. म्हणून मराठी घरांतून निघणाऱ्या दुनळ्यांमध्ये ही विचित्र मापं एवढी दिसतात.

तेव्हा नाव ऐकून नाही, चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोजून ठरवायचं. गनस्मिथ लोक सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतात. तो उकळत्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला वितळतो. नळीत पुढे कापडाचा बोळा घट्ट बसवून तो चेंबरमध्ये ओततात, थोड्याच वेळात चेंबरचा चांदीसारखा ठसा बाहेर पडतो. हा धातू थंड होताना आधी आकसतो आणि मग हळूहळू फुगतो. ओतल्यापासून सुमारे तासाभराने त्याचं माप चेंबरशी जुळतं, म्हणून मायक्रोमीटर तेव्हाच लावायचा. घाईत मोजलं तर आकडा खोटा येतो. आम्ही परवानाधारक गनस्मिथकडून ठसा काढून घेतला आणि तो भोसरीच्या एका टूलरूममध्ये मोजला. रायफल अर्थातच टूलरूममध्ये नेली नाही, फक्त ठसा नेला.

जाड गोळी म्हणजे खोल गोळी नव्हे

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे मोठमोठ्या गप्पा मोडतात. .५०० ब्लॅक पावडर एक्स्प्रेसची ४४० ग्रेनची गोळी जाड आहे, पण जाडीच्या मानाने हलकी. बहुतेक वेळा मऊ शिशाची, पुढून पोकळ. ती लवकर फुलते, लवकर थांबते. वाघ, सांबर अशा पातळ कातडीच्या जनावरांसाठी ती त्या काळी नावाजलेली होती. गव्यासारख्या हजार किलोच्या आसपास जाणाऱ्या जनावराच्या खांद्यातून आरपार जाणं तिचं काम नव्हे. उलट .४५०/.४०० ची ४०० ग्रेनची गोळी बारीक, पण लांब. गोळीचं पौंडातलं वजन भागिले व्यासाचा वर्ग, असं गणित केलं तर तिचं उत्तर .३४० येतं आणि .५०० वालीचं .२४२. ऊर्जा सुमारे ४,००० फूट-पौंड, म्हणजे दोघींत फार अंतर नाही. पण घट्ट पोलादी आवरणाची गोळी घातली तर बारीक काडतूस कितीतरी खोल जातं. दक्षिणेतल्या जंगलांत ते एवढं प्रिय होतं ते उगाच नाही.

फूट-पौंडांचा एकच आकडा बघून काडतुसाची लायकी ठरवणारे इथे फसतात. आणि एक बारीक गोष्ट: ग्रेन म्हणजे ग्रॅम नव्हे. ७,००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे ४८० ग्रेनची गोळी ३१ ग्रॅमची. पुण्यातल्याच एका घरात मी ४८० ग्रॅमची गोळी असं कौतुकाने सांगितलेलं ऐकलंय.

आजच्या तांब्याच्या एकसंध गोळ्याही जुन्या पातळ नळीत सहज घालू नयेत. त्या दबत नाहीत, त्यामुळे आतल्या खाचांच्या खुणा नळीच्या बाहेरच्या अंगावर उमटल्याची उदाहरणं आहेत. तशी नळी परत पूर्ववत होत नाही.

दोन नळ्या एकाच जागी मारत नसतील तर

दुनळीच्या नळ्या दिसतात समांतर, पण पुढे किंचित एकमेकींकडे झुकवून जोडलेल्या असतात. धक्क्याने उजवी नळी उजवीकडे आणि डावी डावीकडे उसळते, ती उसळी हिशेबात धरून कारागीर गोळ्या झाडून, पाचर सरकवून, पुन्हा डाख देऊन हे जुळवतो. ही जुळणी एकाच भाराशी, म्हणजे दारू आणि गोळीच्या एकाच ठरलेल्या वजनाशी, असते. गोळी हळू गेली तर ती नळीत जास्त वेळ राहते, नळी जास्त उसळते आणि दोन नळ्यांचे मार फाकतात. गोळी जास्त वेगाची असेल तर मार एकमेकांना ओलांडतात. म्हणून निशाण फाकलं की माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) घासायला बसू नका, आधी काडतुसाचा भार तपासा. हिंदुस्थानासाठी बांधलेल्या रायफलींचं तर वेगळंच होतं. उन्हाने कॉर्डाइटचा दाब वाढतो म्हणून गरम देशांसाठी कमी भाराची काडतुसं निघत आणि काही रायफली त्यांनाच जुळवलेल्या असत. .५७७ मध्ये १०० ग्रेन कॉर्डाइटऐवजी ९० असे. अशा रायफलीला पूर्ण भार दिला तर मारही बिघडतो आणि लाकडाचा दस्ताही फाटू शकतो.

पेटीतली जुनी काडतुसं

कायनॉक या इंग्रजी काडतूस कंपनीचा लाल-पिवळा डबा सापडला की घरात सगळ्यांचे डोळे चमकतात. कायनॉकने हे मोठे नायट्रो भार १९६०च्या दशकात बंद केले, म्हणजे जुना डबा साठीच्या आसपासचा किंवा त्याहून पुढचा. टोपीत, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या वाटीत, पारा असेल तर उडवल्यावर पितळ ठिसूळ होतं, ते पुन्हा भरायच्या लायकीचं राहत नाही. क्लोरेटची टोपी असेल तर नळीत क्षार उरतो, पुण्याच्या जुलैत तो हवेतलं पाणी ओढून एका रात्रीत गंज धरतो. नुसत्या तेलाने तो निघत नाही, गरम पाण्याने धुऊनच काढावा लागतो. केसच्या मानेवर केसाएवढी उभी चीर दिसते का, भिंगाने बघा. इंग्रजी अमलात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं अशीच तडकत, आणि लिदीमुताचा अमोनिया ताणलेलं पितळ फोडतो हे १९२१ साली सिद्ध झालं. आपल्याकडे जुनी पेटी गोठ्याशेजारच्या खोलीत पडलेली असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

अशी काडतुसं उडवून बघू नका. रेंजवर कधी चाप ओढल्यावर नुसता टक् आवाज आला, तर रायफल लगेच उघडायची नाही. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून पूर्ण मिनिटभर थांबायचं, कारण टोपी उशिरा पेटू शकते. आणि परवान्यात नोंद नसलेली काडतुसं सापडली तर ती मुठा नदीत टाकायची नाहीत, जुन्या बाजारात दाखवायची तर अजिबात नाहीत. पोलीस ठाण्यात कळवून जमा करायची. शस्त्र कायद्याला रिकामी नळी आणि भरलेलं काडतूस दोन्ही दिसतात. खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीचं आपल्याला कौतुक आहे, १८६९ पासून ती इथे उभी आहे, पण तिथून खाजगी परवानाधारकाला मिळतं ते .३१५ आणि बारा बोअरसारखं. दुनळीच्या मोठ्या मापांचं नवं काडतूस इथे मिळत नाही, आणि त्या टंचाईतूनच "हेच बसवून बघू" हा मोह होतो.

शिकारीचं म्हणाल तर १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची त्याची दुरुस्ती झाल्यावर इथे ते दार बंद आहे, आणि ते बंद आहे हे मला बरं वाटतं. परदेशात कायदेशीर शिकारीला जाणाऱ्याने तिथल्या अटी आधी बघाव्यात. आफ्रिकेतल्या अनेक देशांत मोठ्या धोकादायक जनावरांसाठी किमान .३७५ लागतं. आकड्याने .५०० ती अट सहज ओलांडते, पण ४४० ग्रेनच्या मऊ गोळीने केप बफेलोच्या खांद्यापुढे उभं राहणं म्हणजे जखमी जनावर झुडपात पाठवणं.

वाड्यातल्या त्या मुलाने बराच विचार केला. शेवटी आफ्रिकेत तिथलीच भाड्याची .३७५ वापरायचं ठरलं. नळ्या पुसून, तेलाचा हलका हात देऊन आम्ही रायफल पेटीत ठेवली. पेटी बंद करण्याआधी त्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी कापली, तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, "फक्त काळी दारू, ४४० ग्रेन. नायट्रो घालू नये," आणि ती चापाच्या कडीला सुतळीने बांधली.