मानसिक आजाराच्या रुग्णाच्या पोषणाकडे घरच्यांनी कसे लक्ष द्यावे

नैराश्य, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्या माणसाच्या गोळ्या घरचे काटेकोरपणे सांभाळतात, पण त्याचे कपडे सैल होत चालले आहेत की घट्ट, हे पुष्कळदा महिनोन्महिने कोणाच्या ध्यानात येत नाही. अपुऱ्या अन्नाने मन किती बिघडते, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली झालेल्या प्रयोगात दिसले होते. ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवल्यावर त्यांच्यात उदासी, चिडचिड आणि अन्नाचा अखंड ध्यास निर्माण झाला.

दर महिन्याला सकाळी अनशेपोटी, एकाच काट्यावर वजन करावे आणि ते दिनदर्शिकेवर लिहावे. साठ किलोच्या माणसाचे वजन सहा महिन्यांत आपोआप तीन किलोंनी घटले किंवा नवे औषध सुरू केल्यावर महिनाभरातच तेवढे वाढले, तर डॉक्टरांना कळवावे. ओलान्झापीन व क्लोझापीन या औषधांनी भूक फार वाढते. म्हणून सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. वजन वाढते म्हणून औषध परस्पर बंद करणे मात्र सर्वांत घातक ठरते.

शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाकडे विशेष लक्ष द्यावे. ते पालेभाज्या व कडधान्यांतून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांना त्याची कमतरता लवकर भासते. तळपायांना मुंग्या, लाल गुळगुळीत जीभ, विस्मरण, उदासी आणि क्वचित भ्रमही, अशी तिची लक्षणे आहेत. रक्ततपासणी न करता केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नयेत, कारण त्यांनी रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. तीव्र कमतरता वाटीभर दह्याने भरून निघत नाही. तिला इंजेक्शने किंवा गोळ्याच लागतात.

बायपोलर आजारासाठी लिथियम हे औषध घेणाऱ्या रुग्णाला निर्जळी एकादशी किंवा अळणी उपवास करू देऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम रोखून धरतात आणि रक्तातील त्याची पातळी वाढते. हाताची थरथर वाढणे, उलट्या, जुलाब किंवा चालताना झोक जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

नैराश्याने भूक मेलेल्या माणसापुढे भरलेले ताट ठेवू नये. मऊ भात, मुगाचे वरण आणि चमचाभर तूप वाटीत कालवून दिवसातून चार-पाच वेळा द्यावे व शेजारी बसून आपणही चार घास खावेत. अन्नात विष कालवले आहे असा संशय असेल तर वाद घालू नये. एकाच पातेल्यातून त्याला स्वतःच्या हाताने वाढून घेऊ द्यावे, किंवा न सोललेले केळे, कवचासह उकडलेले अंडे, त्याच्यासमोर फोडलेले शहाळे द्यावे.

आहार हा उपचाराला जोड देतो, त्याची जागा घेत नाही. ऑस्ट्रेलियात ६७ नैराश्यग्रस्तांवर झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ आठवडे आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळालेल्या गटातील सुमारे एक तृतीयांश रुग्णांची लक्षणे जवळजवळ ओसरली, दुसऱ्या गटात हे प्रमाण आठ टक्के होते. परंतु यांतील बहुतेकांचे नेहमीचे उपचार चालूच होते.

अनेक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या किंवा दीर्घकाळ दारू पिणाऱ्या, खंगलेल्या व्यक्तीला एकदम पोटभर जेवण देऊ नये. अशा वेळी रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घसरून हृदयावर ताण येऊ शकतो आणि बी-१ जीवनसत्त्वाअभावी मेंदूला इजा पोहोचू शकते, म्हणून तिचे खाणे रुग्णालयातच सुरू करावे. रुग्ण पाणीही नाकारत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. त्याला कसे समजवावे हे कळत नसल्यास टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीही समुपदेशकांशी मराठीत बोलता येते.