दसऱ्याच्या घाईत भिंत रंगवू नका

घट बसायच्या आत घराला रंग व्हावा, असं कोल्हापुरात घरोघरी वाटतं. चूक नेमकी तिथंच होते. जूनपासून भिंतीनं पाणी पिलेलं असतं. चार दिवस ऊन पडलं की वरचा थर वाळतो, पोटातली ओल तशीच राहते. त्यावर लांबी (पुट्टी) भरून प्लास्टिक पेंटचे दोन हात मारले की संक्रांतीपर्यंत फुगे येतात, मग पोपडे. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात सोफ्यामागची भिंत अशीच तीन वर्षांत दोनदा रंगवावी लागली.

हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस-रात्र ठेवा. त्याच्या मागं दव धरलं, तर रंगाचा डबा उघडूच नका. पाणी कुठून येतंय ते शोधा. डाग वरून उतरत असेल तर गच्ची किंवा वरचं बाथरूम तपासा. फरशीपासून कमरेपर्यंतच ओल असेल तर ती बहुधा जमिनीतून चढतेय. 2019 आणि 2021 चा महापूर ज्या घरांत शिरला, त्यांना विचारा, भिंत वाळायला किती महिने लागतात ते.

पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत जातो. ओलीवर पीव्हीसी पॅनेल ठोकणं तर मला अजिबात पटत नाही, मागं बुरशी वाढतच राहते.

पेठांतल्या जुन्या दगड-मातीच्या भिंतींना जास्त जपायला हवं. त्यांच्यातली ओल चुन्यातून बाहेर पडते. वर सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंटचा पट्टा दिला की तिची वाट बंद होते, आणि ती पट्ट्याच्या वर डोकं काढते. तिथं चुनाच द्या.

रंगाची छटा कार्डावरून ठरवू नका. भिंतीवर दोन हात द्या, सकाळच्या उजेडात बघा, रात्री ट्यूबलाइट लावून परत बघा.

जुनी दारं घासताना मात्र खरंच सांभाळा. घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, ओला पॉलिश पेपर वापरा, तोंडाला मास्क लावा. पोरांना तेवढे दिवस आजोळी पाठवा.